मेयर, वकील आणि माझी बायको

३० मार्च, रविवार

ही डायरी कामगार महासंघाने छापलेली. दर वर्षी एक माझ्या बायकोला, सेनिंगला मिळते आणि दर वर्षी कोरीच राहते. आज चर्चमधून आल्यावर तिने ती माझ्या ताटाशेजारी ठेवली. लाडाने ती मला 'दोंग' म्हणते, मी तिला 'दाय'.

"दोंग, तू दिवसभर रिक्षा घेऊन गावभर हिंडतोस. मेयरच्या सभेला माणसं सोडतोस, वकिलाच्या सभेला सोडतोस. बाहेर उभा राहून सिगरेटी फुंकण्यापेक्षा कामगारांबद्दल कोण काय बोलतं ते लिहून आण. मला उत्तरं द्यायला बरं पडेल."

"आणि तू बोलशील ते?"

"तेही लिही. जसं बोलेन तसं. गोड करू नकोस."

तर लिहितो. आमच्या मालापाग गावच्या मेयरपदाला तीन जण उभे आहेत. एक आत्ताचे मेयर सुमालपोंग, ज्यांना सगळं गाव 'ताताय' म्हणजे बाबा म्हणतं. दुसरे वकील मागलासांग. तिसरी माझी बायको आर्सेनिया बान्तिलान, म्हणजे सेनिंग. ती मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात, आमच्या भाषेत कॅनरीत, शिजलेल्या ट्यूनाची कातडी आणि काटे काढते, आणि तिथल्या युनियनची अध्यक्ष आहे. दर निवडणुकीला सगळे पक्ष युनियनकडे मतं मागायला येतात. या खेपेला बायकाच म्हणाल्या, दर वेळी दुसऱ्याला कशाला, आपलंच माणूस उभं करू. आणि सगळ्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं.

वाचलं की मलाच हसू येतं. पण छातीही फुगते, खोटं कशाला बोलू.

२ एप्रिल, बुधवार

मेयरची सभा, बाजारचौकात. स्पीकर एवढे मोठे की रिक्षाचा आरसा थरथरत होता. पुढे म्हाताऱ्यांची रांग, ताताय आशीर्वादासाठी प्रत्येकीचा हात स्वतःच्या कपाळाला लावत होते. माणूस सत्तरीचा आहे, तरी आधी तेच वाकतात.

कामगारांबद्दल बोलले ते असं: "युनियन म्हणजे काय? घरच्या भांडणात बाहेरचा माणूस आणणं. घरात बाप जिवंत असताना बाहेरचा कशाला हवा? तुम्हाला कामावरून काढलं, माझ्या दारात या. पोर आजारी पडलं, माझ्या दारात या. मी मालकाला फोन करतो. तुमचं भलं कशात आहे ते मला कळतं."

टाळ्या. मग त्यांनी मला गर्दीत पाहिलं. "अरे सान्तो! शत्रूचा नवरा आला! त्याला आधी वाढा रे."

सगळे हसले. मीही हसलो आणि जेवलो. काय करणार, ते आमच्या रेनेचे बाप्तिस्म्यातले धर्मपिता आहेत. रेनेला डेंग्यू झाला तेव्हा त्यांच्याच गाडीने इस्पितळ गाठलं होतं. पोरगा आज जहाजावर नोकरी करतो आहे तो त्यामुळे.

सेनिंगने हे वाचलं. म्हणाली, "मालकाला फोन करतात हे खरं आहे. पण फोन करायचा की नाही ते कोण ठरवतं? तेच."

५ एप्रिल, शनिवार

वकिलाची सभा हॉटेलात, वर पंखे. इस्त्रीचा सदरा, बोलणं पुस्तकातलं. कंत्राटी पोरींचं काय, असं कुणीतरी विचारलं. म्हणाले, हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, कामगार आणि गुंतवणूकदार दोघांचा तोल सांभाळायला हवा, निवडून आलो की अभ्यास समिती नेमीन. युनियनबद्दल? "संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेत आहे." आणि कारखान्याने युनियन करणाऱ्यांना काढलं तर? "ती बाब कामगार न्यायालयाची."

हा माणूस वाम माशासारखा आहे. धरला म्हणेपर्यंत निसटलेला.

सेनिंगने ही ओळ जोनालिनला वाचून दाखवली. जोनालिन तिच्यासमोर त्याच टेबलावर मासा साफ करते, पण ठेकेदाराकडून. पाच महिने काम, मग घरी, मग पुन्हा नवी म्हणून भरती, म्हणजे कायम करायला नको. सकाळच्या पाळीला माझ्याच रिक्षाने जाते, मला 'नोंग' म्हणजे दादा म्हणते. ती म्हणाली, "नोंग सान्तो, तुम्ही पेपरात लिहा की."

१० एप्रिल, गुरुवार

आज चर्चच्या सभागृहात पाद्रीबाबांनी तिघांना एका टेबलाशी बसवलं. प्रश्न तिघांना तेच. सभागृह एवढं भरलं होतं की पोरं खिडक्यांत बसली होती.

पहिला प्रश्न जोनालिननेच विचारला. माइक दोन्ही हातांनी धरला. मग एकदम म्हणाली, "मी चार वर्षं तोच मासा साफ करते आहे. चार वर्षांत मी किती वेळा 'नवीन' झाले ते मलाच आठवत नाही. तुम्ही काय करणार?"

मेयर म्हणाले, "बाळ, उद्या माझ्याकडे ये. तुझं काम मी बघतो." जोनालिन म्हणाली, "एकट्या माझं नाही, ताताय." तर म्हणाले, "मग सगळ्या या." लोक हसले.

वकील म्हणाले, समिती. तीन महिन्यांत अहवाल.

मग सेनिंग उठली. तिने लग्नाचा निळा पोशाख घातला होता, कमरेत सैल करून घेतलेला. हात टेबलावर ठेवले. कॅनरीतल्या बायकांची नखं मासा सोलून कशी झिजतात ते इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हणाली:

"दर जानेवारीत प्रत्येक कारखान्याला धंद्याचा परवाना नवा करून घ्यावा लागतो. त्यावर सही मेयरची लागते. आजवर त्या सहीआधी काय विचारतात? आग विझवायची बाटली आहे का, गटार साफ आहे का. मी आणखी विचारीन. पाच महिन्यांनी माणूस फेकता का? युनियन केली म्हणून कुणाला काढलं का? कायदा आहेच, मी नवा आणत नाही. सही करण्याआधी मी फक्त तो वाचून दाखवीन."

मागून कुणीतरी बाक बडवायला सुरुवात केली आणि सगळं सभागृहच बडवायला लागलं.

पाद्रीबाबांनी मेयरना विचारलं, तुम्ही असं कराल का? ताताय हसत म्हणाले, "सेनिंग माझ्या लेकीसारखी आहे. लेकीला घर चालवता येतं, पण गाव चालवायला बाप लागतो." वकिलाने चष्मा पुसला आणि म्हणाले, कल्पना चांगली आहे, कायदेशीर बाजू तपासावी लागेल.

येताना मी तिला म्हटलं, "दाय, तिघांत तूच एकटी सरळ बोललीस."

म्हणाली, "घाबरले होते रे. टेबल धरलं नसतं तर पडले असते."

एवढं सुखाने मी कधी रिक्षा चालवली नव्हती.

१४ एप्रिल, सोमवार

हे पान सेनिंगला दाखवायचं नाही.

पहाटे रिक्षा पुसायला बाहेर आलो तर फाटकाला पुष्पचक्र टांगलेलं. मर्तिकाला देतात तसं, पांढरी फुलं, आडवी रिबीन. रिबिनीवर तिचं नाव. जन्मसाल होतं. पुढचं साल याच वर्षाचं.

मी ते काढलं, मोटारसायकलला जोडलेल्या रिक्षाच्या डब्यात घातलं, वर ताडपत्री टाकली. बाजाराच्या मागे कचरा जाळतात तिथे नेऊन जाळलं. तारेचा सांगाडा जळेना, तो पायाने मोडला.

घरी आलो तर सेनिंग भात परतत होती. "कुठे गेला होतास?" म्हटलं, पेट्रोल भरायला.

कुणाला सांगू? पोलीसठाण्यात? तिथला मुख्य अधिकारी म्हणजे मेयरच्या बहिणीचा मुलगा. पण मेयरनी हे केलं असं तरी कसं म्हणू? त्यांनी आमच्या पोराला मांडीवर घेतलं आहे. कॅनरीवाल्यांनी केलं असेल. ठेकेदाराने केलं असेल. ते कुणीही असोत, पुढचं साल लिहिणाऱ्याला माझं घर माहीत आहे.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

प्रचार बंद. संध्याकाळच्या मिरवणुकीत पोलदोची विधवा भेटली. पोलदो पलीकडच्या खोऱ्यात केळीच्या बागांत युनियन बांधत होता. दोन वर्षांपूर्वी दुकानासमोर बाकड्यावर बसून कॉफी पीत होता, मोटारसायकलवरून दोघे आले. मी आणि सेनिंग गेलो होतो मातीला. त्याच्या बायकोने तेव्हा सेनिंगच्या गळ्यात पडून काय म्हटलं होतं ते मला अजून ऐकू येतं: "मी त्याला एकदा तरी म्हणायला हवं होतं, नको जाऊस."

आज मिरवणुकीत सेनिंग म्हणाली, "दोंग, तू पुढे चाल. पुरुषांच्या घोळक्यात." एरवी आम्ही दर वर्षी एकत्र चालतो. आता ती उमेदवार झाली. रिक्षावाला शेजारी बरा दिसत नसेल.

२४ एप्रिल, गुरुवार

आज वकील मागलासांग माझ्याच रिक्षात बसले. त्यांची गाडी बंद पडली होती. डब्यात वाकून बसले, गुडघे हनुवटीला. मला ओळखलं.

"तुमच्या मिसेसचं मला कौतुक वाटतं," म्हणाले. "ती परवान्याची कल्पना माझ्या डोक्यात यायला हवी होती. पण सान्तो, मी एक सांगू? धाडसी माणसं जिवंत राहिली तरच उपयोगाची."

मी ब्रेकच दाबला. "काही ऐकलंय का तुम्ही?"

"नाही, नाही. आपलं सहज."

उतरताना त्यांनी हात मिळवला. बाकी कुणी रिक्षावाल्याशी हात मिळवत नाही.

रात्रभर विचार केला. माझं मागचं लिहिणं जरा अन्यायाचं झालं. समिती म्हणजे अगदीच टाळाटाळ असं नाही. अहवाल आला की काहीतरी करावंच लागतं. संघटनेचा हक्क राज्यघटनेत आहे असं तो भर सभेत बोलला, मेयर तेवढंही बोलत नाहीत. सेनिंग म्हणते सही अडवीन, वकील म्हणतो तपासून बघीन. वाट वेगळी, पोचायचं ठिकाण तेच असावं.

२९ एप्रिल, मंगळवार

सेनिंगने मला पाळी सुटल्यावर घ्यायला येऊ नकोस म्हणून सांगितलं. युनियनच्या बायका सोडतील. मी म्हटलं, बावीस वर्षं मीच आणतो. म्हणाली, "आणत होतास. आता नको. आणि माझं पोस्टर रिक्षावरून काढून टाक."

"का? तुझ्या नवऱ्याच्या रिक्षावर तुझंच पोस्टर नाही?"

"गिऱ्हाईक तुटतं तुझं."

गिऱ्हाईक तुटल्याचं मी तिला कधी बोललो नव्हतो.

झोपायची चटईही तिने खिडकीपासून उचलून आतल्या भिंतीला लावली. एवढ्या उकाड्यात. म्हणते वाऱ्याने खोकला होतो. मला खिडकीकडच्या बाजूला झोपू देत नाही, मधे स्वतः झोपते. फोन वाजला की उठून मोरीत जाते आणि आल्यावर विचारलं तर म्हणते चुकीचा नंबर. मोठी माणसं झाली की घरात गुपितं येतात, असं ऐकलं होतं. आता बघतो आहे.

डायरी हल्ली मागत नाही. बरंच आहे.

४ मे, रविवार

युनियनचा खजिनदार एलिसेओ घरी आला. सेनिंग नव्हती, मीच होतो. झुंजीच्या कोंबड्याला दाणे घालत होतो, तो तिथेच बसला.

"सान्तो, घरातला माणूस म्हणून बोलतो. सुपरवायझर म्हणतात सेनिंग आली तर कॅनरी दुसऱ्या बंदराला नेणार. कायम माणसं घाबरली आहेत. कंत्राटी पोरींना कायम करता करता आपणच बाहेर."

"तू काय म्हणालास त्यांना?"

"मी काय म्हणणार? टाळ्या वाजवतात तिच्या सभेत. मत कुणाला देतील ते देव जाणे."

"आणि तू?"

त्याने कोंबड्याचा पंख उचलून पाहिला. "चांगला आहे हा. लढवतोस का अजून?"

मला त्याचा राग यायला हवा होता. उलट मोकळं वाटलं. लोकच देणार नसतील तर ती पडेल. पडली तर पुन्हा टेबलावर जाऊन मासा साफ करील. रिबिनीवरचं ते साल चुकेल.

पुन्हा एकदा तिघांचं शांतपणे मांडून बघतो. मेयर: युनियन नको, मी आहे. वकील: युनियनचा हक्क आहे, कंत्राटाचा अभ्यास करू. सेनिंग: युनियन हवी, कंत्राट बंद, नाहीतर सही नाही. म्हणजे मेयर एका टोकाला, सेनिंग दुसऱ्या टोकाला, वकील मधे. समजूतदार माणूस मधलाच निवडेल ना? कामगारांचं भलं हवं आणि कुणाचा जीवही जायला नको, अशा माणसाने दुसरं काय निवडावं?

१० मे, शनिवार

प्रचाराचा शेवटचा दिवस. कॅनरीच्या फाटकावर सभा. पाळी सुटली तशा बायका एप्रन न काढताच आल्या. मी लांब, बर्फाच्या गाडीमागे उभा होतो, कारण तिने येऊ नको म्हटलं होतं. सेनिंग फळकुटावर उभी. जिंकलेल्याला उचलतात तसं त्यांनी तिला शेवटी खांद्यावर उचललं. म्हाताऱ्या बायका रडत होत्या. जोनालिन ओरडत होती, "आमची मेयर! आमची मेयर!"

मला वाटलं, जिंकते ही.

मी बर्फाच्या गाडीचं चाक धरून खाली बसलो. हमाल म्हणाला, "काय नोंग, आनंदाने चक्कर आली काय?" म्हटलं, हो.

१२ मे, सोमवार

मत दिलं.

शाळेच्या तिसरीच्या वर्गात आमचं केंद्र. पोरांच्या खुर्च्या, हाताशी लिहायची फळी असलेल्या. आम्ही एकत्र गेलो, आज ती नको म्हणाली नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. शेजारच्या खुर्चीवर तीच बसली. मतपत्रिका लांबलचक, नावासमोरचा गोल शाईने भरायचा. तिचं पटकन झालं. माझं पेन गोलावर जाऊन थांबायचं. वरून खाली मेयरपदाची तीनच नावं, बान्तिलान पहिलं.

मी दुसरा गोल भरला. मागलासांग.

आपण एखादं औषध पाजतो आहोत असं वाटलं. मान वर केली तर सेनिंग माझी वाट बघत बसली होती, मतपत्रिका मांडीवर पालथी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती समोर फळ्याकडे बघायला लागली. फळ्यावर पोरांची बेरजेची गणितं तशीच होती.

बोटाला शाई लावून बाहेर आलो. उसाच्या रसाची गाडी होती, म्हटलं पितेस का? म्हणाली नको. उन्हाने तिचा चेहरा उतरला होता.

१३ मे, मंगळवार

मेयर सुमालपोंग निवडून आले, दणदणीत. वकील दुसरे. सेनिंग तिसरी, फार मागे. कॅनरीतल्या कामगारांच्या वस्तीतही ताताय पुढे. फाटकावर जेवढ्या बायका रडल्या तेवढी मतंसुद्धा तिला तिथे पडली नाहीत.

ताताय दुपारी स्वतः आले. सेनिंगच्या डोक्यावर हात ठेवला. "हरलीस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मी आहे." तिने त्यांना पाणी दिलं.

माझ्या एका मताने काही फरक पडला नसता. हे मी चार वेळा स्वतःला सांगितलं.

१५ मे, गुरुवार

सेनिंग अंगणात बसून पोस्टरं सोडवत होती. मागची बाजू कोरी असते, दुकानदारीण पुडी बांधायला घेते. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "आपल्या केंद्रातली मतं पाहिलीस? शेजारपाजारचे सगळे शपथा घेत होते."

"लोक तसेच असतात."

"हं." मग पोस्टरची घडी घालत, माझ्याकडे न बघता, "निदान तुझं एक माझं होतं. नाही का रे, दोंग?"

मी म्हटलं, "म्हणजे काय? हा काय प्रश्न झाला?"

तिने मान वर केली. मला वाटलं रडेल. रडली नाही. उठून भांडी घासायला गेली.

२८ मे, बुधवार

सेनिंगला कामावरून काढलं. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेली रजा मंजूरच झाली नव्हती म्हणे. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर दिला तेव्हा एलिसेओ तिच्याबरोबर होता. आज एलिसेओला आठवत नाही. युनियनची सभा झाली, तीत एलिसेओ हंगामी अध्यक्ष झाला आणि "योग्य वेळी विषय घेऊ" असं ठरलं.

जोनालिनचेही पाच महिने भरले. या वेळी पुन्हा बोलावणार नाहीत असं ठेकेदाराने तोंडावर सांगितलं. ती दावाव शहरात मावशीकडे गेली.

मी म्हटलं, तातायना सांगू का? एक फोन करतील.

सेनिंग फक्त "नको" म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

१२ जून, गुरुवार

महासंघाचा माणूस आला होता. केळीच्या खोऱ्यात, पोलदोच्या जागी, दोन वर्षं कुणी टिकत नाही, तिथे येशील का म्हणाला. सेनिंग हो म्हणाली. मला न विचारता. मी आत होतो, कॉफी करत होतो, माझ्या कानांनी ऐकलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "दाय, तिथे माणसं मारतात."

"माहीत आहे."

"तुला माहीत नाही. आपल्या फाटकाला…" आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, पुष्पचक्र, रिबीन, साल.

ती अजिबात दचकली नाही. तिने फोन उघडून माझ्यापुढे धरला. मार्चपासूनचे निरोप. 'खिडकीशी झोपतेस ना?' 'तुझ्या नवऱ्याची रिक्षा कुठल्या वळणावर हळू होते ते माहीत आहे.' 'पोस्टर छान आहे रिक्षावर.' असे किती तरी.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरला असतास."

मी तिची चटई आठवत होतो, मधे झोपायची ती. ती मला वाचवत होती आणि मी समजत होतो की तिला माझी लाज वाटते.

तरीही त्या एका गोष्टीबद्दल मी बोललो नाही. आज बोलायला हवं होतं.

२२ जून, रविवार

तिला बसथांब्यावर सोडलं. एक पिशवी, एक छत्री. बस भरायला वेळ होता. रिक्षातच बसून राहिलो दोघं, ती डब्यात, मी मोटारसायकलवर. तिच्याकडे पाठ होती म्हणूनच मला बोलता आलं.

"सेनिंग, मी तुला मत दिलं नाही."

मागून ती म्हणाली, "शेजारीच बसले होते ना मी."

मी वळलो. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

"तू जिंकलीस तर मारतील असं वाटलं. तू जिवंत राहावीस म्हणून..."

"कळलं मला ते. त्या दिवशी नाही कळलं, पण तू पुष्पचक्राचं सांगितलंस तेव्हा कळलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आवाज मात्र कोरडा. "मला राग मत दिलं नाहीस त्याचा नाही, सान्तो. भीती मलाही होती. रोज होती. मला विचारलं असतंस, बस कर म्हणाला असतास, तर भांडलो असतो, रडलो असतो. कदाचित मी बसलेही असते. पण तू एकट्याने ठरवलंस माझं भलं कशात आहे ते. आणि मला न सांगता करून मोकळा झालास. मेयर तरी वेगळं काय करतात? मालक तरी काय करतो?"

लग्नाला तीस वर्षं होत आली. तिने मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

मी म्हटलं, "नको जाऊस."

"हे मार्चमध्ये म्हणायचं होतंस." पण मग ती खाली उतरली, माझ्या गालाला हात लावला. त्या हाताला अजून मासळीचा वास आहे, जाणार नाही तो. "जेवत जा वेळेवर. कोंबडं लढवू नकोस."

बस गेली. मी वळणापर्यंत रिक्षाने मागे गेलो, मग बसने वेग घेतला.

३० जून, सोमवार

फोन आला. पावसाळी हवा आहे म्हणाली. पहिल्या बैठकीला सात बाया आल्या, त्यातल्या दोन नुसत्या बिस्किटांसाठी, असं सांगून हसली. "तू जेवलास का?" म्हटलं जेवलो. "दोंग" म्हणाली नाही. "सान्तो"ही म्हणाली नाही.

४ जुलै, शुक्रवार

सकाळच्या पाळीला रिक्षात एक नवी पोरगी बसली. कॅनरीत पहिलाच दिवस. एप्रनला दुकानातल्या घड्या होत्या. ठेकेदाराने पाठवलंय म्हणाली, पाच महिन्यांचं काम, मग पुढे बघू. बडबडी होती.

"नोंग, म्हणतात त्या टेबलावर जी बाई होती ती मेयरला उभी होती. खरं?"

"खरं."

"काय सांगायची ती?"

मी सांगितलं. परवाना, जानेवारी, सही, पाच महिन्यांनी माणूस फेकता का. तिच्याच शब्दांत सांगितलं, गोड न करता. पोरगी डब्यातून मान बाहेर काढून ऐकत होती.

"मग मेयर काय म्हणाले? आणि तो दुसरा?"

तेही सांगितलं, होतं तसं. एक म्हणाला मी आहे ना. दुसरा म्हणाला समिती नेमू.

"अगं बाई. मग ती पडलीच कशी? मी असते तर तिलाच दिलं असतं. तुम्ही दिलंत ना तिला?"

"नाही," मी म्हटलं. "माझी बायको आहे ती. आणि मी नाही दिलं."

तिला ती थट्टा वाटली. एवढी हसली की डब्याची फळी धरून बसावं लागलं तिला. "काय नोंग तुम्ही! सकाळी सकाळी!" कॅनरीचं फाटक येईपर्यंत हसत होती. उतरल्यावरसुद्धा वळून हात हलवला आणि हसत हसतच आत गेली.